टेनिएलची रेघ आणि समासाचा विग्रह

जॉन टेनिएल याचे नाव आज ज्या दोन पुस्तकांमुळे घेतले जाते ती त्याने लिहिलेली नाहीत. आणि ज्या कामासाठी त्याच्या काळाने त्याला 'सर' हा किताब दिला ते काम इतिहासाच्या अभ्यासकांवाचून आता फारसे कोणी पाहत नाही. लुइस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'च्या दोन पुस्तकांतील ब्याण्णव चित्रे हे पहिले काम. 'पंच' या लंडनच्या साप्ताहिकातील पन्नास वर्षांची, संख्येने दोन हजारांहून अधिक अशी राजकीय चित्रे हे दुसरे. सामान्यतः या दोहोंची वाटणी करून टाकण्यात येते. मुलांची चित्रे वाङ्मयाच्या अभ्यासकाकडे जातात, राजकीय चित्रे इतिहासकाराकडे. ही वाटणी सोयीची खरी, पण तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. दोन्ही ठिकाणी टेनिएल एकच काम करीत होता. तो शब्द वाचीत होता आणि वाचलेल्या शब्दाचा विग्रह रेघेने करून दाखवीत होता. त्याच्या कलेचे सामर्थ्य यातच आहे; तिच्यातील जे क्षम्य मानता येत नाही तेही यातूनच निपजले आहे.

टेनिएलचा जन्म २८ फेब्रुवारी १८२० रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे वडील नृत्य आणि तलवारबाजी शिकवीत. वयाच्या विसाव्या वर्षी वडिलांबरोबर सराव करीत असता त्यांच्या तलवारीच्या टोकावरील आवरण निघाले, टोक टेनिएलच्या उजव्या डोळ्याला लागले, आणि त्या डोळ्याची दृष्टी पुढे गेली. ही हानी किती मोठी आहे हे त्याने वडिलांना कधी कळू दिले नाही असे चरित्रकार सांगतात. रॉयल अकॅडमीच्या विद्यालयात त्याने प्रवेश घेतला, परंतु तेथील शिक्षणाने त्याचे समाधान झाले नाही. ब्रिटिश म्युझियममधील प्राचीन शिल्पे, जुन्या ग्रंथांतील वेशभूषा व चिलखते, प्राणिसंग्रहालयातील पशू यांच्या निरीक्षणातून तो स्वतःच घडला. समोर नमुना बसवून चित्र काढण्याची पद्धत त्याने पुढे जवळजवळ सोडूनच दिली. एकदा पाहिलेले स्मरणात ठेवावे आणि स्मरणातून कागदावर उतरवावे, ही त्याची रीत. स्मरणातून काढलेल्या चित्रात वस्तूचे बारकावे कमी होतात आणि वस्तूचे नाव अधिक ठळक होते. टेनिएलचा सिंह हा प्राणिसंग्रहालयातील अमुक एक सिंह नसतो. 'सिंह' या शब्दाला कोशात जो अर्थ असतो, तेवढा तो असतो.

त्याच्या उमेदवारीच्या काळात एक शब्द आपला अर्थ बदलीत होता, आणि तो बदल टेनिएलच्या आयुष्यातूनच गेलेला आहे. 'कार्टून' हा शब्द मूळ इटालियन 'कार्तोने', म्हणजे जाड कागद, यावरून आला. भित्तिचित्र काढण्यापूर्वी त्याच आकाराचा जो कच्चा आराखडा कागदावर काढीत त्याला 'कार्टून' म्हणत. १८३४ साली लंडनचे पार्लमेंटभवन जळाले. नव्या भवनाच्या भिंतींसाठी असे आराखडे मागवण्यात आले आणि १८४३ साली त्यांचे प्रदर्शन भरले. उपाशी जनतेला भाकरीऐवजी भिंतीवरची चित्रे दाखवणाऱ्या सरकारची थट्टा करण्यासाठी 'पंच'ने त्याच वर्षी जॉन लीचचे एक उपरोधिक चित्र 'कार्टून क्रमांक १' या मथळ्याखाली छापले. थट्टेने दिलेले हे नाव चिकटले, आणि आज जगातील बहुतेक भाषांत या शब्दाचा तोच अर्थ रूढ आहे. टेनिएलने १८४५ साली जुन्या अर्थाचे 'कार्टून' सादर केले. ते सोळा फूट उंचीचे असून त्याचा विषय न्यायदेवतेचे रूपक हा होता. त्यास दोनशे पौंडांचे पारितोषिक मिळाले व पार्लमेंटभवनात भित्तिचित्र रंगवण्याचे कामही मिळाले. ड्रायडनच्या काव्यावरून घेतलेले सेंट सिसिलियाचे ते चित्र त्याने रंगवले. पण त्या दालनातील भित्तिचित्रे ओल आणि लंडनची हवा यांनी लवकरच खराब होऊ लागली. भव्य ऐतिहासिक चित्रकार होण्याचे त्याचे स्वप्न तेथेच संपले असे म्हणता येईल. १८५० साली तो 'पंच'मध्ये आला, आणि उरलेले आयुष्य त्याने नव्या अर्थाच्या 'कार्टून'मध्ये घालवले.

मराठीत या नव्या अर्थासाठी 'व्यंगचित्र' हा शब्द रूढ झाला आहे. 'व्यंग' म्हणजे दोष, विकृती. 'व्यंग्य' म्हणजे सूचित अर्थ. एका यकाराने दोन्ही शब्द वेगळे होतात, आणि टेनिएलच्या बाबतीत हा यकार फार मोलाचा आहे. त्याच्या आधीच्या पिढीचे गिलरेसारखे चित्रकार माणसाच्या चेहऱ्याची यथेच्छ मोडतोड करीत. टेनिएल तसे करीत नाही. त्याचे डिझरायली आणि ग्लॅडस्टन शिल्पासारखे रेखीव असतात. विकृती शरीरात नसून प्रसंगात असते. त्याच्या चित्राला 'व्यंग्यचित्र' म्हणणेच न्याय्य ठरेल.

'पंच'मधील कामाची रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. दर बुधवारी संपादकवर्ग रात्रीच्या भोजनाला एकत्र जमे आणि त्या आठवड्याच्या मोठ्या चित्राचा विषय तेथे चर्चेने ठरे. टेनिएल तो विषय घेऊन घरी जाई, गुरुवारी त्यावर विचार करी, आणि शुक्रवारी चित्र काढून लाकडी ठशावर उतरवी. संध्याकाळी माणूस येऊन तो ठसा कोरणाऱ्याकडे नेई. म्हणजे विषय त्याच्या हाती येई तो शब्दांत येई, पुष्कळदा एखाद्या म्हणीत, वाक्प्रचारात किंवा प्रसिद्ध ग्रंथातील प्रसंगाच्या नावात. आणि एका दिवसात त्या शब्दांना शरीर द्यावयाचे असे. अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लक्षणेने वापरलेला शब्द घ्यावयाचा आणि त्याला पुन्हा वाच्यार्थावर आणून उभा करावयाचा. ही कसरत त्याने अर्धे शतक दर आठवड्याला केली. लीच १८६४ मध्ये वारल्यावर तर मुख्य चित्राचा भार त्याच्या एकट्यावरच पडला. पत्नी विवाहानंतर थोड्याच वर्षांत निवर्तली होती. त्याने पुन्हा विवाह केला नाही. आठवड्याच्या या नियमित चक्रापलीकडे त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे घडले नाही.

या कसरतीचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे २९ मार्च १८९० च्या अंकातील चित्र. तरुण कैसर दुसरा विल्हेल्म जहाजाच्या कठड्यावरून पाहत आहे आणि वृद्ध बिस्मार्क वाटाड्या नावाड्याच्या वेशात शिडीवरून खाली उतरत आहे. बंदराचे अवघड पाणी ओलांडले की वाटाड्याला उतरवून द्यायचे, हा नावाड्यांच्या बोलीतील साधा प्रयोग. टेनिएलने तो चित्रात अक्षरशः घेतला. आणि गंमत अशी की, चित्रानंतर तोच प्रयोग राजकीय इंग्रजीत लाक्षणिक अर्थाने रूढ झाला. येथे चित्रकाराने भाषेकडून घेतलेले ऋण भाषेला व्याजासह परत केले आहे.

कॅरलने १८६४ साली टेनिएलकडे आपली गोष्ट पाठवली तेव्हा तो 'इसापनीती'च्या १८४८ मधील चित्रांसाठी आणि 'पंच'साठी प्रसिद्ध होता. कॅरलने आपल्या हस्तलिखितात स्वतः सदतीस चित्रे काढली होती. ती हौशी हाताची, पण विलक्षण अस्वस्थ करणारी आहेत. टेनिएलची बेचाळीस चित्रे तशी नाहीत. ती थंड, स्पष्ट आणि गंभीर आहेत. वेडेपणा जितका गंभीरपणे सांगावा तितका तो अधिक खरा वाटतो, हे त्याने ओळखले होते. कॅरलनेही पुष्कळ ठिकाणी वर्णनाचा भार चित्रावर टाकला आहे. ग्रिफिन कसा असतो हे ठाऊक नसेल तर चित्र पाहावे, असे तो वाचकाला सरळ सांगून मोकळा होतो. अ‍ॅलिस दिसते कशी, याचे वर्णन गोष्टीत जवळजवळ नाहीच. टोपीवाल्याच्या टोपीत खोचलेली साडेदहा शिलिंगांची किमतीची चिठ्ठी गोष्टीत कोठेही नाही. आपण टोप्या विकण्यासाठी बाळगतो, आपली अशी एकही नाही, असे तो न्यायालयात बोलतो. त्या एका वाक्याचा अर्थ टेनिएलने कितीतरी पाने आधीच त्याच्या डोक्यावर लावून ठेवला आहे. असे वाचन करणारा टीकाकारही विरळा.

परंतु टेनिएलच्या वाचनाचा खरा नमुना म्हणजे 'मॉक टर्टल', लटके कासव. हिरव्या समुद्री कासवाचे सार हे इंग्लंडमधील श्रीमंती पक्वान्न. ज्यांना ते परवडत नसे ते वासराचे डोके उकळून तशा चवीचे सार करीत आणि त्याला 'मॉक टर्टल सूप' म्हणत. या नावातील तीन पदांचा संबंध कसा लावावयाचा? कासवाचे सार, पण लटके: हा योग्य विग्रह. लटके कासव नावाचा प्राणी, त्याचे सार: हा कॅरलचा खोडसाळ विग्रह. इंग्रजीत विशेषणाला विकार होत नसल्यामुळे दोन्ही विग्रहांचे बाह्यरूप एकच राहते, आणि कॅरलचा विनोद या एकरूपतेवर उभा आहे. मराठीत तो तसा उभाच राहू शकत नाही. 'लटके कासवाचे सार' म्हटले की लटकेपणा साराकडे जातो. 'लटक्या कासवाचे सार' म्हटले की तो कासवाकडे जातो. सामान्यरूपाचा एक यकार येताच श्लेष मोडतो. जुने पुस्तकांचे दुकान आणि जुन्या पुस्तकांचे दुकान यांत मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही, तो याच कारणाने. अनुवादकाला येथे हात टेकावे लागतात, ते त्याच्या प्रतिभेच्या उणिवेमुळे नव्हे, भाषेच्या घडणीमुळे.

टेनिएलने या ठिकाणी काय केले ते पाहावे. कॅरलच्या गोष्टीत या प्राण्याचे वर्णन त्याच्या पाणावलेल्या मोठ्या डोळ्यांपलीकडे नाही. वासराचा उल्लेख तर नाहीच. टेनिएलने कासवाच्या पाठीला वासराचे डोके, वासराचे मागील खूर आणि शेपटी जोडून दिली. वरवर पाहता हा एक गमतीदार संकर आहे. प्रत्यक्षात तो दोन्ही विग्रहांचा एकाच शरीरातील मेळ आहे. पाठ आणि पुढचे वल्ह्यासारखे पाय खोडसाळ विग्रहाचे, म्हणजे कासवाचे. डोके व खूर योग्य विग्रहाचे, म्हणजे साराच्या भांड्यात प्रत्यक्ष काय शिजते त्याचे. कॅरलने श्लेष केला, पण त्याचे अर्धे अंग वाचकाच्या स्वयंपाकघरातील माहितीवर सोडून दिले. टेनिएलने ते अर्धे अंग परत आणून जोडले. आणि तो प्राणी रडतो का, याचे गोष्टीत न दिलेले कारण चित्रात स्पष्ट झाले. वासराला आपल्या डोक्याचे पुढे काय होणार आहे ते ठाऊक आहे.

छपाईविषयीचा त्याचा कटाक्षही याच गांभीर्यातून आला. ऑक्सफर्डच्या क्लॅरेन्डन मुद्रणालयात छापलेल्या १८६५ मधील पहिल्या दोन हजार प्रतींतील चित्रे त्याला पसंत पडली नाहीत. कॅरलने स्वतःच्या खर्चाने ती आवृत्ती मागे घेतली आणि पुस्तक दुसऱ्या मुद्रकाकडून पुन्हा छापून घेतले. हेही सांगितले पाहिजे की, ज्याला टेनिएलची रेघ म्हटले जाते ती शेवटी डॅलझील बंधूंच्या कोरणीची रेघ आहे. ठशावरील मूळ रेखाटन कोरताना नष्ट होत असे. ते ठसे १९८५ साली लंडनच्या एका बँकेच्या तळघरात सापडले, आणि छापील चित्रांतील कितीतरी सूक्ष्म रेघा तोवर वाचकांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या हे ध्यानात आले.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी, म्हणजे १८७१ च्या 'आरशापलीकडील' अ‍ॅलिसच्या वेळी, टेनिएलचे यश इतके एकसारखे नाही. निरर्थक शब्दांच्या प्रसिद्ध कवितेतील प्राण्यांचे हम्टी डम्टी जे स्पष्टीकरण देतो (थोडे बिज्जूसारखे, थोडे सरड्यासारखे, थोडे बुचाच्या स्क्रूसारखे, सूर्यघड्याळाखाली घरटे करणारे) ते टेनिएलने मुकाट्याने चित्रात उतरवले. ते चित्र म्हणजे टीकेवरील टीका झाली आहे. त्यात नवे काही नाही. 'जॅबरवॉक' या राक्षसाच्या बाबतीत मात्र कवितेने जबडे, नखे आणि पेटलेले डोळे यांपलीकडे काही सांगितलेले नसल्यामुळे त्याचा हात मोकळा झाला. त्याने त्याला पंख दिले, आणि अंगात बटणांची बंडी चढवली. हे चित्र मुलांना फार भिववील की काय, या शंकेने कॅरलने सुमारे तीस मातांचे मत मागवले व ते मुखपृष्ठासमोरून हलवून आत टाकले. उत्कृष्ट चित्र आहे यात संशय नाही. पण ज्या शब्दाला अर्थच नव्हता, ज्याचा सगळा प्राण त्याच्या ध्वनीत होता, त्याला या चित्राने कायमचा एक अर्थ चिकटवला. त्यानंतरच्या वाचकाच्या मनातला जॅबरवॉक बंडी घालूनच येतो. अर्थ देणे ही येथे हानीही आहे.

याच पुस्तकातील एक संपूर्ण प्रसंग टेनिएलच्या सांगण्यावरून गाळला गेला. १ जून १८७० च्या पत्रात त्याने कॅरलला कळवले की, केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी ही कलेच्या साधनांपलीकडची गोष्ट आहे. त्या प्रसंगाची मुद्रिते १९७४ साली लिलावात आली तेव्हाच तो काय होता ते कळले. मासा व बेडूक यांना दरबारी सेवकांचे केस देणाऱ्या चित्रकाराला टोपवाली गांधीलमाशी अशक्य का वाटावी? केवळ आकाराच्या अडचणीने हे उत्तर पुरेसे नाही. लटक्या कासवाच्या नावात उघडून दाखवण्यासारखा समास होता. टोप घातलेल्या गांधीलमाशीत तसे काही नाही. ती फक्त टोप घातलेली गांधीलमाशी आहे. जेथे शब्दाच्या आत दुसरा शब्द दडलेला नाही तेथे टेनिएलला काम उरत नाही.

आणि जेथे तो दडलेला आहे तेथे तो कोणत्याही हेतूसाठी उघडता येतो. हे पाहण्यासाठी अ‍ॅलिसच्या आठ वर्षे आधीच्या 'पंच'कडे वळावे लागते.

१८५७ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानातील उठावाच्या आणि इंग्रज स्त्रियामुलांच्या हत्येच्या वार्ता लंडनला येऊन धडकत होत्या. २२ ऑगस्टच्या अंकात टेनिएलचे दोन पानांवर पसरलेले चित्र आले. एक स्त्री व मूल भूमीवर पडली आहेत, त्यांच्यावर बंगालचा वाघ उभा आहे, आणि ब्रिटिश सिंह त्या वाघावर झेप घेत आहे. सिंह व वाघ ही जोडी नवी नव्हती. टिपूच्या पाडावानंतर काढलेल्या श्रीरंगपट्टणच्या पदकावर ती आधीच होती. टेनिएलची करामत नावात आहे. 'बंगालचा वाघ' हे प्राणिशास्त्रातील नाव. उठाव झाला होता तो 'बंगाल आर्मी'त. 'बंगाल' हे पूर्वपद दोन्हीकडे एकच असल्यामुळे उत्तरपदाची अदलाबदल करता आली. शिपायाच्या जागी वाघ आला आणि कोणाला ती अदलाबदल आहे असे वाटलेही नाही. लटक्या कासवामागील युक्तीच ही. फरक इतकाच की, तेथे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी जागे राहतात आणि त्यांच्या घर्षणातून हसू फुटते. येथे एक अर्थ दुसऱ्याला गिळून टाकतो. शिपायाला गाऱ्हाणे असू शकते, मागणी असू शकते, तो अपराधी ठरू शकतो व निर्दोषही ठरू शकतो. वाघाला यांपैकी काहीच नसते. त्याची शिकार करावयाची असते.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. त्या उठावाचा एक नायक बिठूरचा नानासाहेब पेशवा होता, आणि त्याच दिवसांत त्या प्रदेशातून पायी फिरलेल्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झालेला आहे. वरसईच्या या भिक्षुकाने झाशीची लूट व कत्तल पाहिली, ती भयंकरही आहे. पण त्याच्या गद्यात माणसे माणसेच राहतात.

टेनिएलच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती त्याच्याच दुसऱ्या चित्रात आहे. १२ सप्टेंबर १८५७ च्या अंकात त्याने 'न्याय' या मथळ्याचे चित्र काढले. बारा वर्षांपूर्वी पार्लमेंटच्या भिंतीसाठी त्याने मांडलेली न्यायदेवता येथे पुन्हा आली आहे. तेव्हा ती जुन्या अर्थाच्या 'कार्टून'मध्ये होती, आता नव्या अर्थाच्या. तिच्या एका हातात उगारलेली तलवार आहे, दुसऱ्यात ढाल आहे. तराजूला हातच उरलेला नाही. तिच्या पायांशी शिपाई तुडवले जात आहेत. मथळा एकच शब्दाचा. त्याला विग्रह नाही आणि संशयालाही जागा नाही. परंतु न्यायदेवतेच्या मागे, जेथे मथळ्याचे काहीच काम नाही, तेथे टेनिएलने हिंदी स्त्रिया काढल्या आहेत. त्या आपल्या मुलांना जवळ घेऊन आक्रोश करीत आहेत.